शोकाकडून करुणेकडे : 'द थर्ड मॅन' या चित्रपटाची चिकित्सा

रहस्यकथेकडे गंभीर समीक्षा सहसा वळत नाही. वेळ घालविण्याचे साधन एवढेच स्थान तिला दिले जाते. परंतु रहस्यकथेच्या मुळाशी जो प्रश्न असतो तो क्षुल्लक नाही. 'हे घडले ते कशामुळे घडले?' हा तो प्रश्न होय. घटनेमागे कारण असते, ते शोधता येते आणि सापडल्यावर ते कितीही अप्रिय असले तरी स्वीकारावे लागते, या विश्वासावरच प्रत्येक रहस्यकथा उभी असते. दैव, नियती किंवा ईश्वरेच्छा असे उत्तर तेथे चालत नाही. कार्यकारणभावाचा विचार ज्यांच्या परंपरेत केंद्रस्थानी आहे अशा वाचकांनी या वाङ्मयप्रकाराकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

रहस्यकथेतील शोधकर्ता जेव्हा शोकग्रस्त असतो आणि परक्या देशात असतो, तेव्हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. शोकग्रस्त माणसाला सत्य हवे असते, पण त्याहूनही अधिक सांत्वन हवे असते. या दोहोंत विरोध निर्माण झाला तर तो कोणती बाजू घेईल? या प्रश्नाच्या संदर्भात 'द थर्ड मॅन' या १९४९ सालच्या ब्रिटिश चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कॅरोल रीड यांचे दिग्दर्शन, ग्रॅहॅम ग्रीन यांची पटकथा, रॉबर्ट क्रॅस्कर यांचे छायाचित्रण आणि अँटोन कारास यांनी झिथर या एकाच तंतुवाद्यावर वाजविलेले संगीत यांमुळे तो जगभर गाजला. कान येथील महोत्सवात १९४९ साली त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने घेतलेल्या कौलात विसाव्या शतकातील ब्रिटिश चित्रपटांत त्याला पहिले स्थान देण्यात आले. त्याच्या तांत्रिक गुणांविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या नैतिक आशयाचा आणि त्या आशयाच्या मर्यादेचा.

कथानक

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरचे व्हिएन्ना शहर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चार सत्तांनी आपसांत वाटून घेतले होते. ही स्थिती १९४५ पासून १९५५ पर्यंत टिकली. शहर बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेले, अन्न आणि औषधे दुर्मिळ, काळाबाजार तेजीत. अशा शहरात हॉली मार्टिन्स हा अमेरिकन लेखक येतो. काउबॉयच्या स्वस्त कादंबऱ्या लिहून तो पोट भरतो. बालपणीचा मित्र हॅरी लाइम याने नोकरीचे आश्वासन देऊन त्याला बोलावलेले असते. मित्राच्या घरी पोहोचताच त्याला कळते की हॅरी मोटारीखाली सापडून मरण पावला असून त्याची शवपेटी नुकतीच स्मशानाकडे गेली आहे. मित्राच्या भेटीसाठी निघालेला प्रवासी अशा रीतीने थेट मित्राच्या दफनविधीला पोहोचतो.

तेथे मेजर कॅलोवे हा ब्रिटिश पोलीस अधिकारी त्याला सांगतो की हॅरी हा शहरातील अत्यंत नीच काळाबाजारवाल्यांपैकी एक होता. हॉली संतापतो आणि मित्राच्या नावावरील कलंक पुसण्याचा निर्धार करतो. चौकशीत विसंगती दिसू लागतात. अपघाताच्या वेळी हजर असलेले सारेच हॅरीच्या ओळखीचे निघतात. चालक त्याचा, वाटेने जाणारा डॉक्टर त्याचा, मृतदेह उचलणारे दोघे मित्रही त्याचेच. इमारतीचा रखवालदार मात्र सांगतो की मृतदेह उचलणारे दोघे नव्हते, तिघे होते. हा तिसरा माणूस कोण, हे चित्रपटाचे रहस्य. हॅरी मेलेलाच नसतो. त्याच्या थडग्यात दुसराच माणूस पुरलेला असतो आणि तिसरा माणूस म्हणजे स्वतः हॅरीच, हे पुढे उघड होते.

हॅरीचा धंदा पेनिसिलिनचा. हे औषध त्या काळात तेथे मुख्यतः लष्करी इस्पितळांतच मिळे. हॅरीच्या टोळीने ते चोरले आणि अधिक नफ्यासाठी त्यात भेसळ करून विकले. भेसळीच्या औषधाने जखमी माणसांचे पाय सडले, बाळंतिणी दगावल्या, मेंदूज्वर झालेली मुले मेली किंवा कायमची विकल झाली.

परकेपण आणि अज्ञान

हॉलीच्या अज्ञानाला दोन पदर आहेत. पहिला पदर भाषेचा. त्याला जर्मन येत नाही. दिग्दर्शकाने चित्रपटातील जर्मन संवादांचे भाषांतर पडद्यावर दिलेले नाही, त्यामुळे प्रेक्षकही हॉलीइतकाच परका ठरतो. रखवालदाराचे बोलणे हॅरीची प्रेयसी ॲना श्मिट हिने समजावून सांगावे तेव्हाच त्याला कळते. पुढे त्या रखवालदाराचा खून होतो. रस्त्यावर जमलेल्या गर्दीत एक लहान मुलगा हॉलीकडे बोट दाखवून त्यालाच खुनी ठरवीत असतो आणि आपल्यावर काय आरोप होत आहे हेसुद्धा हॉलीला बराच वेळ उमगत नाही. हे दृश्य केवळ भय निर्माण करण्यासाठी आलेले नाही. हॉलीने खून केलेला नाही, पण त्याच्या चौकशीमुळेच रखवालदाराचा जीव गेला आहे. ज्या समाजाची भाषा आपल्याला येत नाही, ज्याच्या जखमा आपल्याला माहीत नाहीत, त्यात आपला शोक घेऊन बेधडक फिरणाऱ्या माणसाच्या हातून इतरांचे अहित होते, हे तेथे स्पष्ट होते.

दुसरा पदर आसक्तीचा. हा अधिक दाट आहे. हॉलीला सत्य शोधावयाचे आहे असे तो म्हणतो, परंतु त्याने निष्कर्ष आधीच काढून ठेवला आहे. मित्र निर्दोष आहे, एवढेच त्याला सिद्ध करावयाचे आहे. स्वतःच्या कादंबऱ्यांतील नायकाप्रमाणे तो भ्रष्ट अधिकाऱ्याविरुद्ध उभा राहू पाहतो. अशा शोधाला प्रज्ञेचा शोध म्हणता येत नाही. आपल्या दुःखाला सोयीस्कर असे कारण मिळविण्याची ती धडपड असते.

प्रश्न बदलतो तेव्हा

किसागोतमीची कथा वाचकांना परिचित आहे. मृत बालकाला कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरी कोणी मेलेले नाही अशा घरून मोहरी आणण्यास तथागत तिला सांगतात. ती दारोदार जाते आणि रिकाम्या हाताने परतते, पण परतते ती निराळी होऊन. या कथेत मोहरी मिळाली की नाही याला महत्त्व नाही. 'माझे मूल कसे जगेल?' हा प्रश्न घेऊन निघालेल्या स्त्रीला प्रत्येक दारात दुसऱ्याचे मरण ऐकावे लागले आणि त्यामुळे तिचा प्रश्नच बदलला, हे महत्त्वाचे. शोधाने शोधणाऱ्याला बदलले.

'द थर्ड मॅन'च्या कथानकाची रचना, तिच्या निर्मात्यांच्या मनात असे काही नसतानाही, याच दिशेने जाते. 'माझ्या मित्राला कोणी मारले?' हा हॉलीचा पहिला प्रश्न. मेजर कॅलोवे कागदपत्रे, छायाचित्रे, बोटांचे ठसे असा पुरावा त्याच्यापुढे ठेवतो, तेव्हा तो प्रश्न उलटतो आणि 'माझ्या मित्राने कोणाकोणाला मारले?' असा होतो. पहिल्या प्रश्नात शोक आहे, दुसऱ्यात करुणेची सुरुवात आहे. या दोहोंमधील अंतर ओलांडणे हेच या चित्रपटाचे खरे कथानक होय. हे अंतर हॉली एका झेपेत ओलांडीत नाही. तो पुरावा पाहून हादरतो, तरीही मित्राला पकडून देण्यास कचरतो. ॲनाची सुटका व्हावी म्हणून पोलिसांना मदत करण्यास तो तयार होतो, पण हे कळताच ॲना तो सौदा धुडकावते. तेव्हा तोही माघार घेऊन शहर सोडण्यास निघतो. विमानतळाकडे जाताना कॅलोवे त्याला वाटेत मुलांच्या इस्पितळात नेतो आणि तेथे त्याचा निर्णय होतो. कागदावरील पुराव्याने जे झाले नाही ते दुःखाच्या प्रत्यक्ष दर्शनाने होते. ज्ञान आणि करुणा यांतील हा फरक चित्रपटाने अचूक टिपला आहे.

आकाशपाळण्यावरील युक्तिवाद

चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग प्रेटर उद्यानातील प्रचंड आकाशपाळण्यावर घडतो. हा पाळणा १८९७ साली उभारलेला असून आजही तेथे आहे. पाळण्याच्या डब्यात हॉली हॅरीला विचारतो की आपल्या बळींपैकी कोणाला त्याने कधी पाहिले आहे काय. हॅरी डब्याचे दार उघडून खाली दाखवितो. उंचावरून माणसे ठिपक्यांसारखी दिसत असतात. यांतील एखादा ठिपका हलायचा कायमचा थांबला तर तुला खरेच वाईट वाटेल काय, आणि थांबणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे वीस हजार पौंड मिळणार असतील तर तू ते नाकारशील काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. सरकारे तरी माणसांचा विचार कोठे करतात, मग आपणच का करावा, असेही तो म्हणतो.

या युक्तिवादाची ताकद ऑर्सन वेल्स यांच्या मोहक अभिनयात आहे, तशीच ती त्यातील अर्धसत्यातही आहे. ज्या काळात शहरेच्या शहरे विमानांतून उद्ध्वस्त केली गेली, त्या काळाची भाषा हॅरी बोलतो. त्याच्या मते अंतर वाढले की माणूस ठिपका होतो आणि ठिपक्याबद्दल करुणा वाटण्याचे कारण उरत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हॅरी ईश्वर नाकारीत नाही. ईश्वर आणि दया यांवर आपला अजूनही विश्वास आहे, असे तो सहजपणे सांगतो आणि मेलेले लोक सुखातच आहेत, असे लगेच जोडतो. श्रद्धा त्याला गुन्ह्यापासून परावृत्त करीत नाही. उलट गुन्ह्याची बोच तिने बोथट केली आहे. धम्मात ईश्वराचे स्थान नीतीला आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादिले आहे. माणसामाणसांतील संबंध बाजूला ठेवून केलेली ईश्वराची भाषा किती पोकळ असू शकते, याचे हॅरी लाइम हे बोलके उदाहरण आहे.

न दाखविलेली मुले

इस्पितळातील प्रसंगात कॅमेरा एकाही मुलाचा चेहरा दाखवीत नाही. दिसतो तो खाटांवर वाकून पाहणाऱ्या हॉलीचा चेहरा. एक परिचारिका एक टेडी अस्वल खाली टाकते आणि त्यावरून मूल गेले हे आपण समजतो. हा संयम श्रेष्ठ कलेचा नमुना म्हणून वाखाणला गेला आहे आणि ते एका अर्थी रास्तही आहे. पीडित बालकांचे चेहरे दाखवून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे सोपे होते. ते टाळून दिग्दर्शकाने त्या मुलांची अप्रतिष्ठा टाळली.

तथापि या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या दुःखावर चित्रपटाचा सारा नैतिक भार उभा आहे, त्यांना त्यात नाव नाही, चेहरा नाही, वाणीही नाही. त्यांचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचते ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील परिणामाच्या रूपाने. हॅरीच्या थडग्यात प्रत्यक्ष पुरलेला माणूस जोसेफ हार्बिन याचेही तसेच. तो लष्करी इस्पितळातील कर्मचारी, पेनिसिलिनच्या चोरीत सामील, पुढे पोलिसांना माहिती देणारा आणि म्हणून ठार झालेला. पहिल्या दफनविधीत हॉलीने शोक केला तो जिवंत माणसासाठी. खाली पेटीत जो खरोखर मृत होता त्याच्यासाठी कोणीच उभे नव्हते. ही भीषण विसंगती चित्रपटात आहे, पण चित्रपट तिच्याजवळ थांबत नाही. कोणाचा शोक करावयाचा आणि कोणाचा नाही, हे अखेर मुख्य पात्राच्या ओळखीवरच ठरते.

शहराचे मौन

याहून मोठे मौन शहराविषयीचे आहे. चित्रपटाचे बाह्य चित्रण १९४८ साली प्रत्यक्ष व्हिएन्नात झाले. भग्न इमारती, विटांचे ढीग, भुयारी गटारे हे सारे खरे आहे. पण या शहरातून कोण नाहीसे झाले होते? मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा हिटलरच्या स्वागताला व्हिएन्नाच्या चौकात प्रचंड जनसमुदाय लोटला होता. त्यापूर्वी या शहरात सुमारे पावणेदोन लाख ज्यू राहत होते. बहुतेकांना देश सोडावा लागला आणि ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार ज्यूंची हत्या झाली. हॅरी ज्यावरून ठिपके दाखवितो तो आकाशपाळणा लिओपोल्डस्टाट या भागात आहे. हीच व्हिएन्नातील ज्यूंची मोठी वस्ती होती. त्या पाळण्याचे मालक एडुआर्ड स्टाइनर हे ज्यू होते. नाझींनी पाळणा त्यांच्याकडून हिरावून घेतला आणि १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी पाळणाही जळाला. १९४७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा पूर्वीच्या तीस डब्यांपैकी पंधराच बसविले गेले. त्यांपैकी एका डब्यात उभा राहून हॅरी लाइम माणसांच्या ठिपक्यांचे मोल सांगतो. या इतिहासाचा एकही शब्द चित्रपटात नाही. बॅरन कुर्ट्झची भूमिका करणारे एर्न्स्ट डॉइच हे स्वतः नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले आणि युद्धानंतर परतलेले ज्यू नट होते. त्यांच्या वाट्याला आली ती हॅरीच्या गुळगुळीत बोलणाऱ्या साथीदाराची भूमिका.

एका रहस्यपटाकडून इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याला उत्तर असे की कोणत्याही कृतीला तिनेच निवडलेली कसोटी लावणे हा अन्याय नव्हे. माणसे ठिपके आहेत काय, हा प्रश्न चित्रपटानेच उपस्थित केला आहे. मग ज्यांना खरोखरच ठिपक्यांप्रमाणे पुसून टाकण्यात आले त्यांच्याविषयी तो का बोलत नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. अर्थात हे मौन केवळ चित्रपटाचे नव्हते. १९४३ च्या मॉस्को घोषणेत दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते आणि ऑस्ट्रियाने पुढे कित्येक दशके तेच बिरुद मिरविले. नाझी अत्याचारांतील ऑस्ट्रियन नागरिकांच्या सहभागाची जबाबदारी चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत स्पष्ट शब्दांत मान्य केली ती १९९१ साली. समाज आपल्या हातून झालेल्या अन्यायाविषयी किती काळ गप्प राहू शकतो आणि त्या गप्पपणाला चांगल्या कलाकृतींचीही साथ कशी लाभते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. पीडितांच्या बाजूने वाङ्मयाकडे पाहणाऱ्या समीक्षेचे पहिले कर्तव्य असे मौन ऐकणे हेच होय.

निष्ठा कोणाशी?

चित्रपटाचा शेवट भुयारी गटारांतील पाठलागाने होतो. जखमी हॅरी लोखंडी जाळीतून बोटे बाहेर काढतो, पण जाळी उचलू शकत नाही. समोर आलेल्या हॉलीकडे पाहून तो किंचित मान हलवितो आणि गोळीचा आवाज ऐकू येतो. जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज असा भेद बाबासाहेबांनी अहिंसेच्या विवेचनात केला आहे. त्या कसोटीवर हे कृत्य सहज सुटत नाही. हॅरी वेढला गेला होता. त्याला जिवंत धरून न्यायालयापुढे उभे करणे शक्य होते. तसे झाले असते तर ज्या मुलांना पडद्यावर चेहरा मिळाला नाही त्यांची बाजू निदान न्यायासनापुढे मांडली गेली असती. हॉलीने मित्राला फाशीपासून वाचविले, पण त्याबरोबर जाहीर न्यायही गाडला. अखेरच्या क्षणी मैत्रीने पुन्हा एकदा पीडितांवर मात केली, असेच म्हणावे लागते.

मित्राला पापापासून निवारतो तो खरा मित्र, असे सिगालोवाद सुत्ताचे सांगणे आहे. हॉली हे निवारण करू शकला असता तो काळ कधीच निघून गेला होता. ॲनाची भूमिका याहून वेगळी आहे. हॅरीने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी तिच्या बनावट पारपत्राची खबर रशियनांना दिली, हे कळूनही ती त्याचा घात करण्यास नकार देते. एखाद्याविषयी नवीन माहिती मिळाली म्हणून तो माणूस बदलत नाही, अशी तिची धारणा आहे. ही निष्ठा हृदयस्पर्शी आहे, परंतु तिच्यात मेलेल्या मुलांना जागा नाही. दुसऱ्या दफनविधीनंतर झाडांच्या लांबलचक रांगांमधून ती चालत येते आणि वाट पाहणाऱ्या हॉलीकडे न बघता निघून जाते. ग्रीन यांनी आपल्या मूळ कथेत दोघांना एकत्र आणले होते. रीड यांनी ते नाकारले आणि त्यांचेच बरोबर होते, असे ग्रीन यांनी नंतर लिहिले. या शेवटामुळे हॉलीला बक्षीस मिळत नाही. योग्य बाजू घेतली म्हणून प्रेम मिळते, मान मिळतो, अशी खोटी हमी चित्रपट देत नाही.

'द थर्ड मॅन' ही या प्रकारातील थोर कृती आहे, याविषयी शंका नाही. शोकाने आंधळा झालेला माणूस सत्याकडे कसा येतो आणि त्याची किंमत काय असते, हे तिने प्रामाणिकपणे दाखविले. करुणेच्या पहिल्या पायरीपर्यंत तिने आपल्या नायकाला आणले. त्यापुढची पायरी, म्हणजे ज्यांच्याशी आपली कोणतीही ओळख नाही अशांच्या दुःखाला आपल्या मित्राच्या दुःखाइतकेच मोल देण्याची, ती चढू शकली नाही. बाबासाहेबांनी करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत जाण्यास सांगितले ते याच कारणाने. हा चित्रपट वाचकांनी अवश्य पाहावा. तो पाहताना आकाशपाळण्याच्या प्रसंगी हॅरीच्या मोहक चेहऱ्यावरून नजर क्षणभर काढून खाली पाहावे. तेथे जे दिसते ते ठिपके नाहीत.